सोंगापासून भासापर्यंत

भारुडाच्या रात्री सोंगाड्याजवळ सामान फार नसतं. एक उपरणं, एखादं जुनं लुगडं, पायांत चाळ, चेहऱ्याला थोडा रंग. मागे टाळकरी, मृदंग, पेटी आणि ओळ उचलून धरणारे झीलकरी. देवळासमोरची मोकळी जागा हाच रंगमंच. तिथे पडदा नाही, विंग नाही, रंगपटाची खोली नाही. एवढ्यावर तो माणूस विंचू चावलेली बाई होतो. मग तेच उपरणं खांद्यावर टाकून जोशी होतो, कमरेला आवळून गोंधळी होतो, पाठीत वाकून म्हातारी होतो. लोक पोट धरून हसत असतात आणि ऐन हशात तो सोंग बाजूला ठेवतो. सरळ उभा राहून स्वतःच्या आवाजात सांगतो, की बाबांनो, हा विंचू शेतातला नाही, मनातल्या विकारांचा आहे. मृदंगावर थाप पडते, तो पुन्हा त्या बाईत शिरतो, आणि पुन्हा हशा उसळतो.

या पाच मिनिटांत किती गोष्टी घडल्या ते मोजून पाहावं. शरीराची ठेवण बदलली. आवाजाची पट्टी बदलली. कापडाचा एकच तुकडा चार पात्रांची ओळख झाला. नट भूमिकेत शिरला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, आणि ताल कुठेही सुटला नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वाडी-वस्तीवरच्या भारुडकराला ही नावं कुणी शिकवलेली नसतात, पण चारही प्रकार त्याच्या अंगात असतात. बापाकडून, चुलत्याकडून, फडातल्या जाणत्या माणसाकडून ते त्याच्याकडे आलेले असतात.

वामन केंद्रे अशा एका घरातले. १७ जानेवारी १९५७ रोजी बीड जिल्ह्यातल्या दरडवाडी या लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. वडील भारूड करणारे लोककलावंत. घरची परिस्थिती बेताचीच. पुढे हाच मुलगा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला आणि २०१३ मध्ये त्याच विद्यालयाचा संचालक झाला. २०१२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१९ ची पद्मश्री हे त्या वाटेवरचे मानाचे टप्पे. केंद्रे यांची ओळख दिग्दर्शक म्हणून आहे, आणि अभिजात रंगभूमीवरच्या नटांबद्दल बोलताना एका दिग्दर्शकाची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम नट घडवण्याचं आहे. शिवाय नट कुठे आणि कसा घडतो, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं एखाद्या गाजलेल्या नटाच्या चरित्रातही दिसत नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण ज्या गावांच्या नावांनी शिकतो त्यांत बीड नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. मग गणपतराव जोशींचा हॅम्लेट, बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर. या नटांच्या कंपन्या पडदे, पेट्या, पोशाख आणि पन्नास-पन्नास माणसांचा संसार घेऊन मुख्यतः रेल्वेच्या वाटेने फिरत. बीड शहरात रेल्वे पोचायला २०२५ साल उजाडलं. शिवाय सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईचं वर्तमानपत्र, शाळा, नाट्यसंमेलन, धनिकांचा आश्रय असं जे जाळं संगीत नाटकाला पोसत होतं, ते इथवर फारसं पोचलं नव्हतं. त्यावरून मराठवाडा रंगभूमीवर उशिरा आला, असं सर्रास लिहिलं जातं. कंपन्या मोजल्या तर ते खरं आहे. नट मोजले तर मला ते मुळीच मान्य नाही.

गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तरेकडची सीमा. नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे आणि पैठणला सोळाव्या शतकात संत एकनाथ होऊन गेले. नाथांनी भारुडं लिहिली ती वाचण्यासाठी लिहिली नाहीत. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, भुत्या आहे, गोंधळी आहे, फकीर आहे, कोल्हाटीण आहे, सासुरवाशीण आहे, एडका आहे, विंचू आहे. त्या काळच्या गावगाड्यात दारावर येणारा, रस्त्यावर दिसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांनी बोलता केला. आणि प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी ठेवली. ज्याला ही भारुडं उभी करायची त्याला आधी माणसं निरखावी लागतात. भारुडाचे जाणकार भजनी, सोंगी आणि कूट असे त्याचे प्रकार सांगतात. भजनी भारूड गायलं जातं, कूट भारूड कोड्यासारखं उलगडावं लागतं, आणि सोंगी भारूड करून दाखवावं लागतं. या सोंगी प्रकाराने मराठवाड्यात चारशे वर्षं नट घडवले.

नाथांच्याच काळात अंबाजोगाईला दासोपंत राहत होते. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय अक्षरांनी आणि चित्रांनी मांडला. अवघड तत्त्वज्ञान लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, ही ओढ या दोघांतही होती. एकाने त्यासाठी कापड घेतलं, दुसऱ्याने नटाचं शरीर. केंद्रे ज्या मातीत वाढले तिच्यात ही ओढ मुरलेली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सत्तरच्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग उभा राहिला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांच्याकडे त्याची धुरा होती. मराठवाड्याच्या दृष्टीने ही फार मोठी घटना होती. ज्याच्या घरात सोंग होतं, कीर्तन होतं, गोंधळ होता, अशा मुलाला आता नाटकाचं रीतसर शिक्षण आपल्याच मुलखात घेता येऊ लागलं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग करणारे लक्ष्मण देशपांडे याच विभागात शिकवत. केंद्रे यांनी नाट्यशास्त्राची पदविका इथेच घेतली आणि नंतर ते दिल्लीला गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवीधर होऊन बाहेर पडले.

त्या वेळचं हे विद्यालय कसं होतं ते थोडं समजून घ्यायला हवं. १९५९ साली संगीत नाटक अकादमीने त्याची स्थापना केली. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं इब्राहिम अल्काझी तिथे संचालक होते. पुण्यात जन्मलेल्या आणि लंडनला शिकलेल्या अल्काझींनी नटाला शिस्त लावली: वेळेची, शरीराची, वाचनाची, रंगमंच झाडून काढण्याचीसुद्धा. त्यांच्यानंतर ब. व. कारंत आले. कारंत लहानपणी कर्नाटकातल्या गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत वाढलेले. यक्षगान, कंपनी नाटकाचं संगीत, लोककथा हे सगळं त्यांच्या रक्तात होतं. देशाच्या नाट्यशिक्षणात लोकरंगभूमीला पाहुणी म्हणून न वागवता घरात घेण्याचं काम त्यांनी केलं. केंद्रे शिकत होते तो काळ बराचसा कारंतांचा. भारुडकराच्या मुलाला दिल्लीत स्वतःच्या घरातली कला लपवावी लागली नाही, उलट ती घेऊन पुढे जाण्याचं बळ मिळालं, याचं मोठं श्रेय मी त्या काळाला देतो.

शिक्षण संपल्यावर केंद्रे यांनी केरळच्या लोकरंगभूमीचा अभ्यास केला. बीडच्या माणसाने केरळला जाणं वरवर आडवाटेचं वाटेल. पण भारतातली अभिजात रंगभूमी शोधायची तर केरळला जावंच लागतं. कालिदासाने ज्याचं नाव आदराने घेतलं त्या भासाची नाटकं कित्येक शतकं विद्वानांच्या नजरेआड होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोर संस्थानात ताडपत्रांवरच्या पोथ्या सापडल्या आणि १९१२ पासून त्यांनी भासाची म्हणून तेरा नाटकं प्रसिद्ध केली. ती त्याच मुलखात सापडली, यात नवल नाही. केरळमधल्या देवळांच्या आवारात कूडियाट्टम नावाची संस्कृत नाटकाची परंपरा जिवंत होती आणि चाक्यार घराण्यातले नट त्या नाटकांतले अंक पिढ्यान्‌पिढ्या करत होते. हस्तलिखितं टिकली, कारण ती हातात घेणारे नट टिकले होते.

कूडियाट्टममध्ये एक अंक पुरा व्हायला अनेक रात्री लागतात. मिळाव नावाच्या मोठ्या तांब्याच्या वाद्याच्या साथीवर नट एकेक श्लोक डोळ्यांनी, हातांनी, श्वासाने फोडून दाखवतो. आणि त्यात एक विदूषक असतो. तो संस्कृत श्लोक झाला की लोकांच्या मल्याळम भाषेत त्याचा अर्थ सांगतो, टोमणे मारतो, समोर बसलेल्यांना कथेत ओढतो. इथे मला आपला सोंगाड्या आठवल्याशिवाय राहत नाही. सोंग थांबवून अर्थ सांगणं, मग पुन्हा सोंगात शिरणं, हे दोघांचंही कसब. गोदाकाठचं भारूड आणि केरळचं कूडियाट्टम यांचा एकमेकांशी थेट संबंध दाखवता येणार नाही. पण नटाने प्रेक्षकाशी कसं वागावं याबद्दलची दोघांची समज एकच आहे. युरोपला ही गोष्ट विसाव्या शतकात नवी वाटली. १९३५ मध्ये बर्टोल्ट ब्रेश्ट यांनी मॉस्कोत मेई लानफांग या थोर चिनी नटाचं काम पाहिलं. भूमिका करता करता तिच्याकडे बाहेरून पाहणारा तो नट त्यांना इतका विलक्षण वाटला की त्यावर त्यांनी निबंध लिहिला. आधुनिक नाट्यविचाराचा एक खांब त्या निबंधावर उभा आहे.

१९८७ मध्ये ‘झुलवा’ आलं आणि केंद्रे हे नाव महाराष्ट्राला कळलं. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून चेतन दातार यांनी हे नाटक लिहिलं. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी आणि जोगते यांचं हे जग. देवीच्या नावाने माणसाचं लग्न, घर, लेकरू, अंगावरचा हक्क हे सगळं कसं काढून घेतलं जातं, याची ही गोष्ट. विषय दाहक होता, पण ‘झुलवा’ गाजलं ते केवळ विषयामुळे नाही. जोगत्यांचं गाणं, चौंडकं, नाच, अंगात येणं, परडी, भंडारा ही सगळी पूजेची भाषा केंद्रे यांनी नाटकाची भाषा केली. ज्या विधीने माणसं बांधली जातात त्याच विधीच्या तालावर प्रेक्षकाला त्या बांधण्याची जाणीव होत होती. लोककला म्हणजे दोन अंकांच्या मधला गाण्या-नाचाचा विरंगुळा, या समजुतीला इथे जबरदस्त धक्का बसला.

आणि नट! सयाजी शिंदे आणि सुकन्या कुलकर्णी ही नावं ‘झुलवा’मुळे लोकांच्या तोंडी झाली. सयाजी शिंदे साताऱ्याजवळच्या खेड्यातून आलेले. पुढे हिंदीत ‘शूल’मधला खलनायक आणि तमिळमध्ये कवी सुब्रमण्यम भारती अशा टोकाच्या भूमिका त्यांनी केल्या. जोगत्याची भूमिका करायची म्हणजे पुरुषाच्या शरीरात दुसरी चाल, दुसरा आवाज, दुसरी लाज उतरवायची, आणि त्या माणसाची थट्टा होऊ द्यायची नाही. आपल्याकडे पुरुषाने लुगडं नेसलं की प्रेक्षक हसायला तयारच असतो. त्या हसण्यातून त्याला वेदनेपर्यंत नेणं हे भारुडकराचं जुनं काम आहे. मला ‘झुलवा’त दरडवाडी दिसते ती इथे.

त्यानंतरच्या कामांची यादी मोठी आहे. ती सगळी इथे मांडत बसत नाही. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ हे मतिमंद मुलाच्या आई-बापाचं नाटक त्यांनी बसवलं. त्यात गाणं नाही, नाच नाही, एका मध्यमवर्गीय घराच्या चार भिंती आहेत. पु. ल. देशपांड्यांनी रशियन नाटकावरून केलेलं ‘एक झुंज वाऱ्याशी’ त्यांनी केलं. विश्वास पाटलांचं पानिपतावरचं ‘रणांगण’ केलं. मच्छिंद्र मोरे यांचं तृतीयपंथीयांच्या जगावरचं ‘जानेमन’ केलं. चार भिंतींतलं नाटक आणि लाखभर माणसांचं युद्ध एकाच दिग्दर्शकाला पेलतं तेव्हा त्याची पकड नटावर असते असं समजावं. नेपथ्यावर विसंबणाऱ्याला ही उडी जमत नाही.

मात्र एका नाटकाशी थांबायलाच हवं. भासाचं ‘मध्यमव्यायोग’. व्यायोग म्हणजे एका अंकाचं, युद्धप्रसंग असलेलं, प्रसिद्ध कथेवरचं रूपक. गोष्ट लहान आहे. एक ब्राह्मण बायको आणि तीन मुलांना घेऊन रानातून चालला आहे. घटोत्कच त्यांना अडवतो. आई हिडिंबेच्या उपासाचं पारणं आहे, तिला एक माणूस हवा आहे. थोरला बापाला प्रिय, धाकटा आईला प्रिय, म्हणून मधला मुलगा स्वतःहून पुढे होतो. मरण्याआधी पाणी पिऊन येतो म्हणून तो जातो आणि त्याला उशीर होतो. घटोत्कच त्याला ‘मध्यम’ म्हणून मोठ्याने हाका मारतो, आणि त्या हाकेला ओ देऊन येतो भीम. कुंतीच्या मुलांत मधला तोच. बाप आणि लेक समोरासमोर उभे आहेत, भीमाला ओळख पटते तरी तो बोलत नाही, लेकाला काहीच ठाऊक नाही. दोघे लढतात. शेवटी हिडिंबा येते आणि नवऱ्याला ओळखते. उपासाचं निमित्त करून तिने त्यालाच बोलावून घेतलं होतं.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नाटकात एक टाकलेली, रानात राहिलेली बायको आहे आणि भासाने तिला शेवटी थोडीच जागा दिली आहे. केंद्रे यांनी हेच कथानक हिंदीत ‘मोहे पिया’, मराठीत ‘पिया बावरी’ आणि इंग्रजीत ‘ओ माय लव्ह’ या नावांनी उभं केलं. तिन्ही नावं बघा. भासाच्या नाटकाचं नाव मधल्या मुलाचं आणि भीमाचं आहे. ही तिन्ही नावं हिडिंबेच्या तोंडची आहेत. कुळाच्या, वर्णाच्या पलीकडचं लग्न करून वाट बघत राहिलेली बाई आता मध्यभागी आली. अभिजात नाटकाशी कसं वागावं याचा हा मला भावलेला धडा आहे. त्याला हात जोडून लांबून नमस्कार करायचा नाही आणि मोडतोडही करायची नाही. त्यात आपल्या काळाने विचारावा असा प्रश्न कुठे दबला आहे ते शोधायचं आणि नटाच्या हाती तो द्यायचा. नाथांनी गीता-भागवतातल्या विचाराचं भारूड केलं तेव्हा त्यांनीही याहून वेगळं काही केलं नव्हतं. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या ‘लायसिस्ट्राटा’वरून केंद्रे यांनी ‘गजब तिची अदा’ बसवलं, त्यातही हीच वाट आहे. युद्ध थांबवण्यासाठी बायकांनी पुकारलेला असहकार त्यांनी इथल्या बोलण्या-चालण्यात आणला.

भरतमुनींनी लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन शब्द दिले आहेत. माणसं जशी वागतात तसं दाखवणं ते लोकधर्मी, आणि संकेतांनी, गतीने, मुद्रांनी दाखवणं ते नाट्यधर्मी. पुस्तकं वाचून आपली समजूत होते की खेड्यातली कला लोकधर्मी आणि संस्कृत नाटक नाट्यधर्मी. भारूड पाहिलं की ही वाटणी टिकत नाही. उपरण्याची म्हातारी होते हा शुद्ध नाट्यधर्म आहे. त्या म्हातारीचं सुनेशी भांडण मात्र गल्लीतून जसंच्या तसं उचललेलं असतं. दोन्ही एका नटात एका वेळी नांदतात. केंद्रे यांच्या नाटकांतले नट भासाकडे आणि जोगत्याकडे सारख्याच सहजतेने जाऊ शकले त्याचं कारण मला इथे सापडतं.

मुंबईत त्यांनी रंगपीठ ही संस्था चालवली आणि मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सचं नेतृत्व केलं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आलेली कितीतरी मुलं तिथे शिकून गेली. २०१३ ते २०१८ या काळात ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. याच काळात, २०१८ मध्ये, आठवं थिएटर ऑलिम्पिक्स भारतात झालं. दिल्लीत लाल किल्ल्यावर उद्घाटन, मुंबईत समारोप आणि मधल्या काळात देशातल्या १७ शहरांत नाटकं. त्याच वर्षी वाराणसीत विद्यालयाचं केंद्र सुरू झालं आणि तिथे भारतीय अभिजात रंगभूमीचं स्वतंत्र शिक्षण देण्यात येऊ लागलं. महोत्सवाची चर्चा जास्त झाली. मला वाराणसीचं केंद्र जास्त मोलाचं वाटतं, कारण महोत्सव संपतो आणि शाळेतून दर वर्षी नट बाहेर पडतात.

बीडच्या मातीतून आलेले केंद्रे एकटेच नाहीत. मकरंद अनासपुरे यांच्या बोलीने मराठवाड्याचं मराठी घराघरांत नेलं. माजलगावच्या संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. हे नाटक मुळात लक्ष्मण देशपांड्यांचं. १९७९ पासून त्यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. मराठवाड्यातल्या खेड्यातून लंडनला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड, पन्नासहून अधिक पात्रं आणि रंगमंचावर माणूस एकटा. नवरदेव तोच, वरमाय तोच, रुसलेला मामा तोच, विमानातला गोरा तोच. लोक चकित होतात आणि एवढं एकट्याने कसं जमतं म्हणून विचारतात. ज्या मुलखात उपरण्याच्या एका घडीने माणूस बदलतो त्या मुलखात ते जमणारच.

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहिलं तिच्याकडे येतो. कूडियाट्टमसुद्धा एके काळी संपत आलं होतं. देवळाच्या आवारातल्या कूत्तंबलम या नाट्यगृहाबाहेर ते करायचं नाही, ठरावीक घराण्यांखेरीज कुणी शिकायचं नाही, असा दंडक होता. १९४९ मध्ये पैंकुळम राम चाक्यार यांनी ते देवळाबाहेर नेलं. स्वतःच्या जातीचा रोष पत्करला. १९६५ मध्ये केरळ कलामंडलम या संस्थेत त्याचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला आणि कुठल्याही घरातल्या मुलाला ते शिकता येऊ लागलं. २००१ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून त्याचा गौरव केला. मधल्या काळात गुरू राम चाक्यार, मणि माधव चाक्यार, अम्मन्नूर माधव चाक्यार यांच्यासारख्या नटांना मान मिळाला, शिष्य मिळाले, चित्रीकरण झालं, पुस्तकं झाली. एक कला वाचवण्यासाठी काय करावं लागतं त्याचा हा सगळा हिशेब आपल्यापुढे मांडलेला आहे.

सोंगी भारुडाच्या बाबतीत यातलं फार थोडं झालं आहे. मुलांना शाळेत भारूड शिकवलं जातं ते एक कविता म्हणून. संमेलनाच्या उद्घाटनाला दहा मिनिटं भारूड ठेवलं जातं ते पाहुणे येईपर्यंतची सोय म्हणून. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गावं निम्मी रिकामी होतात. ज्या मुलाने बापाच्या मागे उभं राहून झील धरायची तो कारखान्याच्या फडावर असतो. कला शिकायला सलग वेळ लागतो, आणि तोच त्याच्याकडे नसतो. नट तयार होण्याची साखळी तुटते ती अशी. त्यात कुणाची आवड कमी झालेली नसते.

केंद्रे यांना शाळा मिळाली, औरंगाबाद मिळालं, दिल्ली मिळाली. घरातल्या सोंगाला शिक्षणाची जोड मिळाल्यावर काय होऊ शकतं ते आपण पाहिलं. त्यांच्या वडिलांच्या पिढीतले किती भारुडकर त्याच ताकदीचे होते आणि एकही चित्रफीत मागे न ठेवता गेले, याचा विचार केला की पोटात कालवतं.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात, तुमच्या तालुक्यात सोंगी भारूड करणारा माणूस असेल तर येत्या सप्ताहात त्याचं भारूड सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करा. आज प्रत्येकाच्या खिशात त्यासाठी लागणारं यंत्र आहे. त्याला विचारा, हे सोंग तुम्ही कुणाकडून घेतलं, त्यांनी कुणाकडून घेतलं, पाऊल असंच का पडतं, आवाज इथेच का चढतो. त्याची उत्तरंही टिपून ठेवा. नाट्यशिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना निदान एक महिना अशा नटापुढे बसवावं, आणि विद्यापीठांनी त्या नटाला गुरू म्हणून मानधन द्यावं. नाट्यगृहाच्या कार्यक्रमांत वर्षातली एक रात्र भारुडाची असावी, पूर्ण रात्र, दहा मिनिटं नव्हे.